मंजुषाची जागा

मित्रांनो, मी अकोल्याचा एक जुना तंबोरा. जन्म मिरजेचा, पण तिथे मी फार राहिलो नाही, म्हणून कुणी गाव विचारलं तर वऱ्हाडच सांगतो. मला चार तारा आहेत आणि मला गाता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी हकीकत ऐकून काही जण म्हणतात, तो आवाज तंबोऱ्याचाच असणार. तो माझा नव्हता.

माझा भोपळा भीमेकाठच्या एका शेतात पिकला. तो वाळला, आतून कोरला गेला, मग त्याला लाकडाची लांब दांडी जोडली. मिरजेच्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर तारा चढवल्या, प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला आणि बोट फिरवलं. मी पहिल्यांदा घुमलो आणि स्वतःच दचकलो. पण तंबोऱ्याचं अर्धं काम वाजण्याचं असतं आणि अर्धं ऐकण्याचं. समोर कुणी नेमका माझ्या तारेचा सूर लावला, तर मला हात न लावताही ती तार थरथरते. हवेत सूरच नसेल तर हलत नाही. याबाबतीत माझी तार कधी फसलेली नाही.

मला विकत घेतलं जानरावांनी. अकोल्याजवळ त्यांची शेवंतीची आणि झेंडूची शेती होती आणि शहरात फुलांचं दुकान. त्यांची मुलगी गीतांजली दुकानात हार ओवता ओवता गायची, तेव्हा गिऱ्हाईक हार घेऊनसुद्धा उभं राहायचं. जानराव मला मिरजेहून मांडीवर धरून घेऊन आले. घरात शिरताच म्हणाले, "पोरी, हात धुऊन ये पहिले. फुलाच्या चिकट हातानं याले नको धरू."

त्या दिवसापासून मी गीतांजलीचा झालो.

तिने पुढे किती कामं केली म्हणून सांगू! कृषी विद्यापीठातून ती शिकली आणि तिथल्याच प्रयोगशाळेत कापसाचं बियाणं तपासायला लागली. ते काम कंत्राटी होतं, ते संपलं. मग ती लग्नांत मंगलाष्टकं म्हणू लागली. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात, पायाला अक्षता चिकटलेल्या, तशीच घरी येऊन मला मांडीवर घ्यायची. अलीकडे ती परदेशातल्या मुलांना मोबाइलवरून गाणं शिकवते. पण ही सगळी पोटाची कामं. तिचा जीव गाण्यात होता, आणि त्यासाठी ती दर रविवारी मला गवसणीत, म्हणजे माझ्या कापडी खोळीत, घालून एसटीने अमरावतीला न्यायची. तिथे अंबापेठेत माणिकबाई राहत. त्या शिकवायच्या.

अशाच एका रविवारी मूर्तिजापूरच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली आणि गवसणीच्या आत माझ्या चारही तारा एकदम बोलल्या. तिकिटं देत येणारी बाई थांबली. खाकी गणवेश, खांद्याला पैशांची पिशवी, एका हाताने दांडा धरलेला. तिच्या नकळत तिच्या तोंडून माझाच षड्ज, म्हणजे सा, निघाला. अगदी हळू. माझी तार अंधारात थरथरली.

"काय आहे वो त्या खोळीत?" तिने विचारलं.

"तंबोरा आहे, ताई."

"मंग अजून एकदा वाजवा ना," ती म्हणाली. "बडनेऱ्यापर्यंत कोनी चढत नाई आता."

ती मंजुषा. अमरावतीचे किसनराव भीमजयंतीला पेटी वाजवायचे, त्यांची ही मुलगी. लहानपणापासून ती वडिलांच्या शेजारी उभी राहून भीमगीतं म्हणत आली होती. मोठी झाल्यावर दोन हंगाम तिने वरूडला संत्री निवडली, पेट्या भरल्या, मग एसटीत वाहक झाली. पुढे तिचा आवाज ऐकून साहेबांनी तिला अमरावतीच्या बसस्थानकावर घोषणा करायला बसवलं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे ती अशा आवाजात सांगायची की ज्यांना कुठे जायचं नसे तेही ऐकत बसायचे. तिचा आवाज खालचा, रुंद, थोडी खरखर असलेला. गीतांजलीचा उंच आणि स्वच्छ.

गीतांजली तिला माणिकबाईंकडे घेऊन गेली आणि त्यांनी दोघींना एकत्र बसवलं. "आता दोघींनी मिळूनच गायचं," एवढंच त्या म्हणाल्या.

मग सुरू झाली आमची चांगली वर्षं. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, वरूड, जिथे बोलावतील तिथे दोघी गायच्या. व्यासपीठावर पुढे उजवीकडे गीतांजली, डावीकडे मंजुषा, बाजूला तबल्यावर श्रावण, आणि मागे एखादी शिष्या मला घेऊन बसलेली. गाण्यात एखादं सुंदर वळण घेतलं की गाणारी माणसं त्याला 'जागा' म्हणतात. गीतांजली वरून उतरत यायची, मध्येच थांबायची, आणि मंजुषा खालून हळूच येऊन अशी जागा घ्यायची की पहिल्या रांगेतले लोक नुसतं हूं करायचे. "दोघींचा गळा एकच आहे," असं लोक म्हणायचे. मी मागे बसून घुमायचो. याहून मला काही नको होतं.

एके वर्षी मंजुषाच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी होती, पण आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. मंजुषा शुद्धीवर आली तेव्हा तिच्या गळ्यातून फक्त वारा येत होता. डॉक्टरांनी गळ्याचे व्यायाम दिले. रोज केले तर थोडा आवाज परत येईल, म्हणाले. पण किती येईल ते सांगता येणार नाही.

बसस्थानकावर दुसरी बाई बोलू लागली. मंजुषाला बसचे पास देण्याच्या खिडकीत बसवलं.

गीतांजली म्हणाली, "मी एकटी नाई गात." आणि मला गवसणीत घालून कोपऱ्यात उभं केलं. कितीतरी महिने मी तिथेच होतो. माझ्या तारा सैल पडल्या, भोपळ्यावर धूळ बसली, गवसणीच्या बंदात कोळ्याने जाळं केलं. मित्रांनो, ते दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. पण पुढचे दिवस आठवले की वाटतं, तो कोपराच बरा होता.

एक दिवस मंजुषा स्वतः अकोल्याला आली. माझी गवसणी तिनेच काढली. ओल्या फडक्याने मला पुसलं, आणि कुजबुजत्या आवाजात गीतांजलीला म्हणाली, "तू गा. मी मागं तंबोरा घेऊन बसतो."

"मागं काहून? पुढं बस ना, माह्या बाजूला."

"पुढं बसून काय करू? नुसतं तोंड हलवू?"

तो विषय तिथेच संपला.

अकोल्याच्या एका वाचनालयाच्या सभागृहात संध्याकाळी कार्यक्रम ठरला. पांढरी चादर अंथरली. गीतांजली सवयीने उजवीकडेच बसली. डावीकडची जागा तशीच मोकळी राहिली. मंजुषा मागे मला मांडीशी घेऊन बसली, तिचा गाल माझ्या दांडीला लागलेला.

गीतांजलीने मारवा घेतला. मारवा हा सूर्य मावळतानाचा राग. त्यात गाणारा षड्जाजवळ येतो आणि त्याला टाळून पुढे जातो, घराच्या दारापर्यंत येऊन आत न जाता परत फिरावं तसं. ऐकणाऱ्याचा जीव त्या षड्जासाठी तळमळतो. गीतांजली खाली उतरत आली, दारापाशी आली, आणि जुन्या सवयीने थांबली. पूर्वी इथे मंजुषा यायची.

आणि मंजुषाचा आवाज आला.

खालून, हळूच, ती ओळखीची खरखर घेऊन तो षड्जावर बसला. माझी तार थरथरली. मी मंजुषाकडे लक्ष दिलं. ती गात असती तर तिच्या गालातून तो सूर माझ्या लाकडात उतरला असता. लाकडात काहीच नव्हतं. तिचे ओठ मिटलेले होते. तिचा श्वाससुद्धा थांबला होता.

आवाज पुढून येत होता. डावीकडच्या मोकळ्या जागेवरून.

गीतांजलीने वळून पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती गात राहिली. दोन आवाजांत मारवा पूर्ण झाला. लोक उभे राहिले. कार्यक्रमानंतर गीतांजली धावत मागे आली आणि मंजुषाच्या गळ्यात पडली.

"आला ना वो आवाज! तुहा आवाज आला!"

मंजुषाने तिला दूर केलं. तिचे हात थंडगार होते.

"मी गायली नाई, गीता."

श्रावण तबला झाकत होता. त्याने सरावासाठी म्हणून मोबाइलवर सगळं गाणं टिपून घेतलं होतं. तिघांनी तिथेच उभ्याने ऐकलं. दोन आवाज होते. श्रावण म्हणाला, "स्पीकर घुमला असन, ताई. होते असं कधी कधी."

खात्री करायला दुसऱ्या दिवशी दुपारी ते गीतांजलीच्या घरी बसले. सतरंजी अंथरली आणि कार्यक्रमासारखीच डावीकडची जागा मोकळी ठेवली. ना स्पीकर, ना माणसं. मंजुषाने तांब्यातलं पाणी तोंडात भरलं, ओठ घट्ट मिटले आणि मला छेडायला लागली. गीतांजली गायला लागली. पहिल्यांदा ती थांबली तेव्हा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा थांबली, आणि मोकळ्या सतरंजीवरून तो आवाज निघाला. श्रावणचा हात डग्ग्यावर तसाच राहिला. आवाजाने सावकाश एक जागा घेतली, ती पूर्ण केली आणि थांबला. मंजुषा उठली, मोरीत गेली आणि तोंडातलं पाणी टाकलं. बाहेर येऊन तिने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसली.

"मले भेव लागते," गीतांजली म्हणाली. "बंद करू आपन हे."

मंजुषाने नकारार्थी मान हलवली. कुजबुजण्यासाठी तिला फार जोर लावावा लागत होता. "तो माहा आवाज आहे ना? मंग मले ऐकू दे. तुमी तं रोजच ऐकता आपआपला."

गीतांजलीने मला उचलून पुन्हा तिच्या मांडीवर दिलं.

असे कार्यक्रम सुरू झाले. मंजुषा मागे बसलेली, तोंड माझ्या दांडीआड, त्यामुळे ती गात नाही हे कुणाच्या लक्षात येत नसे. लोक म्हणायचे, शस्त्रक्रियेनंतर बाईचा आवाज आणखी खुलला. आणि ते खरं होतं. तो आवाज दर वेळी थोडा पुढे जायचा. मंजुषाने कधी घेतल्या नव्हत्या अशा जागा घ्यायचा. पूर्वी तिचा श्वास जिथे संपायचा तिथे याचा संपत नसे. मी त्याची वाट पाहायचो, मग त्याला घाबरायचो, मग पुन्हा वाट पाहायचो. मागच्या रांगेत कुणी रडायचं. मुलं मात्र त्या डाव्या बाजूकडे टक लावून बघत बसायची आणि आईच्या कुशीत शिरायची.

मंजुषाने गळ्याचे व्यायाम सोडून दिले. आवाज येतच होता, मग कशाला करायचे? पण प्रत्येक कार्यक्रमानंतर तिची कुजबुज आणखी पातळ व्हायची. वरूडला संत्र्यांच्या व्यापाऱ्यांनी मोठा कार्यक्रम ठेवला होता. त्या दिवशी आवाज इतका भरून आला की मंडपाच्या कनाती हलल्या. त्यानंतर मंजुषाच्या तोंडून वारासुद्धा येईना. पासच्या खिडकीत ती बोटांनी खुणा करायची. शाळेच्या मुली तिला मुकी समजायच्या.

गीतांजलीच्या हे लक्षात यायला हवं होतं. पण तोवर गीतांजली बदलली होती. तिची भीती गेली होती. ती घरी रियाजाला बसताना शेजारी सतरंजीची जागा सोडायची, तिकडे बघून हसायची, आणि एकदा मी तिला विचारताना ऐकलं, "आली काय?"

मंजुषा तेव्हा अमरावतीला होती.

मित्रांनो, त्या दुपारी खोलीत गीतांजली आणि मी, दोघेच होतो. तिने खालपर्यंत येऊन सूर सोडला. रस्त्यावरून एक ऑटो गेली. मग सगळं शांत झालं आणि आवाज आला. मंजुषा नसताना. माझ्या तारा इतक्या थरथरल्या की गीतांजलीच्या बोटाला जाणवलं. ती घाबरली नाही. ती खूश झाली. त्यानंतर ती रोज त्याच्याबरोबर गायला लागली. मंजुषाला मात्र तिने एका शब्दाने सांगितलं नाही.

मला सांगावंसं वाटत होतं. पण तंबोऱ्याला षड्जापलीकडे काही बोलता येत नाही.

मग अमरावतीचा तो कार्यक्रम आला. मोठं सभागृह, बाहेर दोघींची मोठी छायाचित्रं, बसस्थानकावरची जुनी माणसंसुद्धा आलेली. संध्याकाळची वेळ. पांढरी चादर, डावीकडची जागा मोकळी. मंजुषाने मला जुळवलं. गीतांजली श्वास घेऊन तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या आधी तो आवाज सुरू झाला.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हीच नवी पद्धत. श्रावणने तबल्यावर हात ठेवला, पण ठेका धरला नाही. गीतांजली हसली. डावीकडे झुकली आणि प्रेमाने म्हणाली, "वा, मंजू! कालची जागा घे ना. काल घेतली तीच."

माझ्या तारांवरची मंजुषाची बोटं थांबली.

काल मंजुषा सकाळपासून पासच्या खिडकीत बसली होती. शाळा सुरू व्हायचे दिवस, जेवायलाही उठायला मिळालं नव्हतं. आणि काल अकोल्यात गीतांजली तिच्या त्या 'मंजू'बरोबर गायली होती.

 मंजुषाचा श्वास माझ्या दांडीवर आपटत होता. मग तिने मला सांभाळून चादरीवर आडवं ठेवलं, भोपळा नीट टेकवला आणि उठली. मला आता कुणी छेडत नव्हतं. तरी माझ्या चारही तारा थरथरत होत्या, कारण तो आवाज गातच होता. मंजुषा गीतांजलीच्या मागून चालत डावीकडे आली. मी आडवा पडलो होतो म्हणून मला चादर जवळून दिसत होती. त्या मोकळ्या जागेवर, माणूस मांडी घालून बसल्यावर पडतो तसा खळगा पडला होता. गुडघ्यांखालच्या चुण्यासुद्धा दिसत होत्या.

मंजुषाने तो पाहिला. 

"सरक," ती म्हणाली, वरूडनंतर पहिल्यांदाच.

ऐकू आलं असेल फक्त मला आणि त्या जागेला. खळगा तसाच होता. आवाज आणखी चढला. मंजुषाने डोळे मिटले, साडी आवरली आणि त्याच्यावरच मांडी घालून बसली.

आवाज मध्येच तुटला. मग तो मागे माझ्याजवळ आला. मंजुषा उठून गेली होती तिथे, माझ्या दांडीपाशी. लाकडावर दव पडावं तसा गारवा आला. आतापर्यंत मी त्याला लांबून ऐकत होतो, आता तो माझ्यावर झुकला होता. त्याने एक सूर लावला, लांब, अगदी बारीक होत जाणारा. त्यात राग नव्हता, मित्रांनो. गाडी चुकलेल्या माणसासारखा तो होता. माझी तार थरथरली, थरथरली, आणि थांबली.



गीतांजली झोपेतून उठल्यासारखी बघत होती. "मंजू?"

"मी आहे," मंजुषा म्हणाली, आणि तिने षड्ज लावला. वाळलेलं पान पायाखाली यावं तसा आवाज. अर्धा वारा, अर्धी खरखर, आणि मध्ये कुठेतरी केसाएवढा सूर. माझ्या चार तारांपैकी एकच तार हलली, तीही जेमतेम. पण हलली. तो सूर खरोखर तिच्या गळ्यातून आला होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज नाई येऊन राहिला!" काही लोक उठले. गीतांजलीने समोरचा माईक बाजूला केला, मंजुषाजवळ सरकली आणि आपला आवाज इतका खाली आणला की मंजुषाचा त्याखाली दबू नये. श्रावणने बोटांच्या टोकांनी ठेका धरला. दोघी थोडंसंच गायल्या. अर्धं सभागृह रिकामं झालं होतं. जे बसले होते ते पुढे येऊन बसले.

नंतर सभागृहामागच्या चहाच्या टपरीवर दोघी उभ्या होत्या. गीतांजलीने मला गवसणीशिवायच छातीशी धरलं होतं. 

"काल तू खिडकीतच होती ना?"

"हाव."

"मंग मी कोनासोबत गाऊन राहिली होती, मंजू? इतके दिवस?"

मंजुषाने चहाचा पेला तिच्याकडे सरकवला. "ते तू मले नको विचारू," ती कुजबुजली. "चहा घे. थंडा होऊन राहिला."

"तुले राग नाई आला?"

"आला ना. माह्या आवाजाचा नाई आला. तू त्याच्याकडं पाहून हसली, त्याचा आला."

गीतांजली रडायला लागली. मंजुषाने तिच्या हातातून मला काढून घेतलं, कारण अश्रू माझ्या दांडीवर पडत होते. श्रावण जवळ आला आणि त्याने मोबाइल पुढे केला. त्यात वाचनालयापासूनचं सगळं गाणं होतं. "हे पाठवू काय, ताई, तुमाले?" मंजुषाने मोबाइल हातात घेतला, त्याकडे बघत राहिली. तो तिचाच आवाज होता, तिच्या गळ्यापेक्षा कितीतरी चांगला. "पुसून टाक," ती म्हणाली. श्रावणने तिच्यासमोर पुसलं.

त्यानंतर मोठी आमंत्रणं बंद झाली. बाईचा आवाज गेला, असं लोक म्हणू लागले. मंजुषाने गळ्याचे व्यायाम पुन्हा धरले. सकाळी ड्यूटीच्या आधी, संध्याकाळी ड्यूटीनंतर. गीतांजली मोबाइलवरून तिच्याबरोबर बसायची. पहिल्यांदा कुजबुज नीट ऐकू येऊ लागली, मग तिला थोडं अंग आलं. आता तिला खालचे चार सूर लागतात. पाचवा कधी लागतो, कधी नाही. त्या चार सुरांत ती जेवढ्या जागा घेते, तेवढ्या घेते. बाकीचं गीतांजली गाते आणि मध्ये थांबून तिची वाट बघते. घरगुती बैठकीत, एखाद्या विहारात, कुणाच्या अंगणात दोघी गातात. आता मला गीतांजलीच छेडते. मंजुषा पुढे, डावीकडे बसते. काही झालं तरी तिथेच.

मंजुषा मला स्वतः पुसते, धागे स्वतः बदलते, दर बैठकीनंतर गवसणीचे बंद स्वतः बांधते. माझी एवढी काळजी यापूर्वी कुणी घेतली नव्हती.

तुमच्या घरी तंबोरा असेल तर त्याला ओलीत ठेवू नका. त्याच्यावर धूळ बसू देऊ नका. आठवड्यातून एकदा तरी त्याला बाहेर काढा. कधी दुपारी तो गवसणीत आपोआप घुमला, तर घाबरून पळू नका, पण गाऊन उत्तरही देऊ नका. माझ्या तारा अजून कधी कधी कोपऱ्यात थरथरतात. खालच्या सुराला. हळू. मी ते कुणाला कळू देत नाही.

आणि मित्रांनो, एवढं माझं ऐका. गायला बसाल तेव्हा ज्याचा आवाज गेला आहे त्यालाही हाताला धरून पुढे बसवा. आणि सतरंजी माणसांपुरतीच अंथरा.